पास झालेला मटर

मटर आला की सगळ्यांत आधी गाईंना कळतं. एरवी दाराशी येऊन पोळीसाठी हटून बसणारी गाय या दिवसांत आपल्याकडे बघतसुद्धा नाही. नाक्यानाक्यावर हिरव्या टरफलांचे ढीग पडलेले असतात. त्यांत तोंड खुपसून ती उभी असते, डोळे अर्धे मिटून. आमच्या जबलपुरात त्याला कोणी वाटाणा म्हणत नाही, मटारही म्हणत नाही. मटर. कोवळं ऊन, सिगड्यांचा धूर, ओट्या-ओट्यांवर सुपं घेऊन बसलेल्या बाया, आणि शेंग फुटतानाचा तो बारीक ओला आवाज. अंगठ्याच्या नखाखाली एक हिरवी रेघ साचते, ती होळीपर्यंत काही निघत नाही.

ऐन या दिवसांत माझ्याकडे एक पत्रक लिहायला आलंय. गावात दोन सभा व्हायच्या आहेत. एका सभेचं म्हणणं, सगळा व्यापार सरकारनं हातात घ्यावा. दुसरीचं म्हणणं, सरकारनं हात झटकावेत आणि बाजार मोकळा सोडावा. मी पहिल्या सभेची. पत्रक लिहिणं मला नवं नाही. शाळा सुटल्यापासून तेच करत आलेय. आठ ओळींत आग लावायची, नवव्या ओळीत सभेची जागा. पण या खेपेला कागद कोराच राहिला. मग आईनं समोर सूप आदळलं. "लिहिणं होऊन नाई राहिलं ना? मग सोल."

सोलता सोलता लढाईचा हिवाळा आठवला, आणि छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं. त्या हिवाळ्याची आठवण म्हणजे खरं तर भीतीची असायला हवी. मला मात्र त्या आठवणीनं सुटल्यासारखं वाटतं. का, ते सांगते.

लढाई दूर सरहद्दीवर होती. लष्करी कारखान्याच्या आमच्या क्वार्टरांत ती भोंग्यातून यायची. कारखान्याचा भोंगा पहिल्यापासून आमचं घड्याळच होता. त्यावर भात चढे, त्यावर पोरं शाळेत जात. लढाई लागली आणि भोंगा अवेळी वाजू लागला. पाळ्या लांबल्या. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटले, सायकलींच्या दिव्यांना वरच्या अर्ध्या भागात काळा रंग लागला. बाबा तपासणी विभागात होते. आत काय बनतं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. त्यांच्या हाताला तेलाचा वास यायचा आणि जेवताना ते भाताच्या शितांकडेसुद्धा तपासल्यासारखे बघायचे, एवढंच आम्हाला ठाऊक.

आणि भाव! तोफा धडधडायच्या आधी भाव धडधडले. रेडिओवर बातमी आली संध्याकाळी, आणि सकाळी काड्यापेटी गायब. जवान सरहद्दीवर, कामगार भट्टीपुढे, आणि साखर पडद्याआड! पडद्याआड असं मी उगाच म्हणत नाही. नेपियर टाउनमध्ये माझ्या मामाचं किराणा दुकान होतं. आईनं साखर आणायला धाडलं, तर मामा म्हणाला, "साखर नाई बाप्पा, शोभे. कुठंच नाई."

त्याच्या पाठीमागं आतल्या खोलीचा पडदा होता. पडद्याखालून मुंग्यांची एक रांग आत चालली होती. चांगली ठळक, घाईची.

"मग या कुठं चालल्या?" मी विचारलं.

मामानं वळून पाहिलं. लाजला नाही. "त्यांना भाव द्यावा लागत नाई," म्हणाला.

मामा वाईट माणूस नव्हता, हेही लिहायला हवं. तो मनापासून मानायचा की बाजाराला कुणी हात लावू नये. "भाव चढला म्हणजे माल येते," तो तागडीत डाळ ओतता ओतता समजावायचा. "माल आला की भाव उतरते. आपोआप. मधे थोडी कळ काढावी लागते, बस्स."

"कळ कोणी काढायची, मामा?"

त्यानं तागडीचा काटा थांबू दिला, डाळ पुडीत बांधली. मग दुसरीकडे वळला. गिऱ्हाईक आलं होतं.

"कळ कोणी काढायची?" हेच त्या हिवाळ्यातल्या आमच्या पत्रकाचं नाव झालं. आजही मला त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही. ज्याच्या घरात महिन्याचं धान्य भरलेलं असतं त्यानं खुशाल भाव उतरायची वाट बघावी. रोजच्या पिठावर जगणाऱ्यानं वाट बघायची म्हणजे काय करायचं? त्या हिवाळ्यात रेशनच्या दुकानात लालसर गहू मिळायचा. त्याला वास यायचा, त्यात खडे असायचे. पण रांग होती, आणि रांगेत प्रत्येकाचा नंबर यायचा. झाडूवाल्याच्या बायकोच्या मागं बाबूची बायको, तिच्यामागं मी. तो गहू सरकारनं आणला होता. मामाच्या आपोआपनं नव्हे. त्या गव्हाची कुणी चेष्टा केली तर माझं अजून डोकं फिरतं.

आता मटर. दुपारची पाळी सुटली की फाटकाबाहेर भिंतीला लागून महाराजपूरकडच्या बाया टोपल्या मांडून बसत. कामगार सायकलवरून उतरत नसत. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, असाच भाव ठरायचा, आणि शेंगा हँडलला लटकवलेल्या पिशवीत पडायच्या. रिकाम्या डब्यांचा खडखडाट आणि ओल्या शेंगांचा वास, दोन्ही एकदम घरी यायचे. लढाईत ते बिघडलं. मंडीतल्या आढत्याची, म्हणजे दलालाची, माणसं हातगाड्या घेऊन रस्त्यातच उभी राहू लागली. बायांच्या टोपल्या वाटेतच उतरवून घ्यायची, म्हणतील त्या भावात, आणि तोच मटर फाटकावर दुप्पट भावानं विकायची. पिकवणारी नागवली, खाणारा नागवला. मधला गब्बर! आम्ही ओरडलो. पत्रकं वाटली. बायका घेऊन कारखान्याच्या साहेबांच्या कचेरीपुढं बसलो. शेवटी क्वार्टरांच्या कमिटीला फाटकाचा बाजार चालवायची परवानगी मिळाली. आढत्याच्या गाड्यांना फाटकाशी मज्जाव, कमिटीचा एक शिक्क्याचा काटा, आणि खडूनं भाव लिहिलेली एक पाटी. काट्यापाशी माझे बाबा.

पहिले काही दिवस मी हवेत चालत होते. मी शेंगा घेऊन यायचे आणि नुसत्या ठेवून द्यायचे, आईनं बघावं म्हणून.

गेंदाबाई तेव्हाची. महाराजपूरच्या टोकाला तिनं अर्धेलीनं, अर्धं पीक मालकाला देऊन, एक तुकडा केला होता. मालकाची अट होती की मटर काढून त्याच रानात उशिराचा गहू पेरायचा. म्हणजे तिला मटर वेलावर ठेवून वाट बघणं शक्यच नव्हतं. निघेल तसा कोवळा तोडायचा आणि त्याच दिवशी विकायचा. उंच, कोरडी बाई, आवाज भोंग्यासारखा. गरीब म्हणून गाय नव्हे हं. टोपलीत पाणी मारून आणायची, वजन भरावं म्हणून. बाबांनी पहिल्याच दिवशी पकडलं. "टोपली तिरपी कर. निथळू दे. मग काट्यावर."

"काय साब, मटर को प्यास नहीं लगती?"

"लागली तर घरी पाजत जा."

बाकीच्या बाया हसल्या. टोपली निथळली. यात सगळ्यांचं भलंच झालं. बाबा तिथं नसते तर आम्ही नर्मदेचं पाणी मटराच्या भावानं विकत घेतलं असतं.

लढाई थांबली. बातमी आली त्या संध्याकाळी लोकांनी पेढे वाटले, रस्त्यावर दिवे लावले. खिडक्यांचे कागद मात्र कुणी काढेना, आणि कमिटीही तशीच राहिली. आता तिला फावला वेळ मिळाला, आणि कारखान्यातल्या माणसांना फावला वेळ मिळाला की ती सुधारणा करतात. सगळ्या मटराला एकच भाव हा अन्याय आहे, असं कमिटीत निघालं. चांगल्या मालाला चांगला भाव, हलक्याला हलका. बरोबरच आहे की! पण चांगला कुठला, हे ठरवायचं कसं? कमिटीत सगळे तपासणीतले. त्यांना जगात एकच पद्धत ठाऊक. कारखान्यात प्रत्येक नगाला एक गेज असतं, अचूक भोकाचं माप. त्यात बसला तर पास, नाही तर नापास. बाबांनी घरी बसून तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, त्याला गोल भोकं पाडली, कानशीनं कडा घासल्या. झालं मटराचं गेज.

रीत अशी: रोज काही बायांची पाळी, एकीला आठवड्यातून एकदा. तिच्या टोपलीतून मूठभर शेंगा काढायच्या, सोलायच्या, दाणे पत्र्यावर ओतून हलवायचे. जे वर राहिले ते पास. जे भोकातून गळले ते नापास. नापास टोपलीनं नालीकडच्या टोकाला बसायचं, निम्म्या भावात. दुसऱ्यांदा नापास झाली तर फाटकावरची जागा गेली. कारखान्यात खराब मालाचं असंच होतं.

मला ते फार आवडलं होतं. डोळ्यांनी नाही, तोंड बघून नाही, मापानं! गेंदाबाईनं मात्र पत्र्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"साब, ये चलनी किसकी है? आटे की?"

"मटराची."

"और जो नमूना निकाला, वो कौन खाएगा?"

"कमिटी."

"तभी कहूँ, कमिटी मोटी काहे हो रही है।"

तिचे दाणे पत्र्यावरून टपाटपा खाली पडले. बारीक, कोवळे, पोपटी. नापास. ती नालीपाशी जाऊन बसली. तिच्या शेजारणीचा मटर पिवळसर सालीचा, दाणे टपोरे. एकही गळला नाही. पास! आठवडा गेला नाही तोच सगळ्या बायांनी ओळखलं की वेलावर आणखी दिवस ठेवला की मटर पास होतो. फाटकावर मग नुसता पिवळा, टपोरा, उत्तीर्ण मटर येऊ लागला. ज्यांना रान रिकामं करायची घाई नव्हती त्यांचं बरं होतं. गेंदाबाईला घाई होती.

आईनं पास मटर सिगडीवर चढवला त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आला होता. कोळसा तेव्हा सोन्यासारखा वापरायचा असायचा. पातेलं उकळलं, आटलं, आईनं पाणी घातलं, पुन्हा आटलं. निखारे विझत आले. शेवटी तिनं तशीच उसळ ताटात वाढली.

बाबांनी घास घेतला. चावला. चावतच राहिले.

"काहून, कसा आहे?" आईनं विचारलं. "पास आहे ना?"

"थोडा... टणक आहे."

"थोडा? दोन दिवसाचा कोळसा खाऊन बसला हा, अन् अजून दाताशी कुस्ती करून राहिला. भाव तुम्ही बांधला जी. कोळसा कोणी बांधायचा?"

मामा तर या क्षणासाठीच जन्मला होता. दाढेतला दाणा जिभेनं काढत तो म्हणाला, "मी सांगत होतो, भाऊजी. बाजारात हात घातला की असंच होते. काढून टाका ती कमिटी. काटा काढा, पाटी काढा. जो तो पाहून घेईन आपलं."

माझं डोकं तडकलं. "पाहून घेईल? मामा, रस्त्यात हातगाडी आडवी लावून त्या बाईची टोपली उतरवून घेतात, तेव्हा ती काय पाहून घेणार? तुमचा मोकळा बाजार मोकळा कोणासाठी? आणि तुमच्या पडद्यामागं..."

"शोभा," बाबा म्हणाले.

"बोलू द्या ना! तिकडं दरोडेखोर, इकडं पत्र्याची भोकं. माणसानं खायचं काय?"

बोलून गेले, मग लक्षात आलं. पत्र्याची भोकं हे मी बाबांच्या तोंडावर म्हटलं होतं. बाबा रागावले नाहीत. ताटातला एक दाणा त्यांनी बोटांत धरला, फिरवून पाहिला, आणि मामाला म्हणाले, "काटा नाई काढणार." एवढंच. गेजचं नाव घेतलं नाही.

सगळं घ्या म्हणणारे आणि सगळं सोडा म्हणणारे आज गावात आमनेसामने उभे राहिले आहेत, तेव्हा मला ते जेवण आठवतं. दोन्हीकडचे मोठमोठे शब्द त्या ताटात पडले होते आणि कुणालाही ते चावत नव्हते. गहू सरकारनं आणावा, रांगेत वाटावा, यावर मी आजही भांडेन. उपाशी पोटाला बाजारावर सोडून देणारा माणूस मला माणूस वाटत नाही. वाट अडवणाऱ्याला हटवायला सरकार हवंच, नाही तर दुबळ्याची टोपली फाटकापर्यंत पोचत नाही. पण मटर गोड आहे की नाही हे सरकारला कसं कळणार? त्याला जीभ कुठाय? हे एवढं मला पत्रकात लिहायचंय, आणि सभेतले लोक भुवया चढवतील म्हणून मी दोन दिवस अडून बसले होते. चढवू देत. आता लिहीनच.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून फाटकावर निघाली. ती कधी जायची नाही. सौदा आणणं माझं काम. तिच्या हातात उरलेल्या उसळीचं पातेलं होतं. "लोकांत तमाशा करू नको," मी म्हटलं. मी! जिला तमाशाची सवय, तिनं!

"तुझी पत्रकं वाचून लोकाईचा मटर शिजते काय? चल."

पाळी नुकतीच सुटत होती. काट्यापाशी बाबा, हातात पत्रा. समोर गेंदाबाईची टोपली. रस्त्याच्या पलीकडे आढत्याचा माणूस हातगाडीच्या दांड्यावर बसून बिडी ओढत होता. त्याला काही घाई नव्हती. गेंदाबाई आज दुसऱ्यांदा नापास झाली की तिची जागा जाणार आणि ती टोपली आपणच उचलणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आजची टोपलीच नव्हे, रानातला उरलेला सगळा मटर.

बाबांनी पत्रा हलवला. दाणे गळले. सगळे.

"नापास," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

गेंदाबाईनं डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि टोपली उचलायला वाकली. पलीकडे त्या माणसानं बिडी टाकली.

"थांब बाई," आई म्हणाली. पातेलं तिनं सरळ काट्याच्या टेबलावर ठेवलं, झाकण काढलं. "हा घ्या तुमचा पास. खा." मग खाली पडलेल्या कोवळ्या दाण्यांतले चार वेचून तिनं बाबांच्या तळहातावर ठेवले. "हा नापास. हाही खा. अन् मग लिहा काय लिहायचं ते."

सायकली थांबल्या. कमिटीतले दोघे-तिघे दुसरीकडेच बघू लागले. मागून कोणी ओरडलं, "खाओ साब, नमूना तो रोज खाते हो!" हशा झाला.

बाबा सावकाश माणूस. त्यांनी आधी पातेल्यातला दाणा खाल्ला, रीतसर. मग हातावरचे कोवळे दाणे तोंडात टाकले. ते चावावेच लागले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघत होते. कारखान्याच्या पाळ्यांनी महिनाभर ओढून धरलेला तो चेहरा सैल पडला. त्यांनी टोपलीतून एक अख्खी शेंग उचलली, फोडली, खाल्ली. मग दुसरी.

"भोक बरोबर आहे," ते कमिटीतल्या लोकांकडे वळून म्हणाले. "मापात चूक नाई. पण मटराला काहून लावलं हे आपण?"

बाबांनी पत्रा दुमडून खिशात घातला. खडू घेऊन ते पाटीकडे गेले. निम्म्या भावाची ओळ पुसली. वरचा भाव ठेवला, आणि खाली लिहिलं की याहून जास्त कोणी घ्यायचं नाही, याच्या आत दोघांत ठरेल तो भाव. मोठ्यानं म्हणाले, "शेंग फोडा, खाऊन पाहा, मग घ्या. वजन या काट्यावरच होईन." आणि रस्त्यापलीकडे हात करून, "गाडी फाटकाशी आणायची नाई, भैया. तो नियम आहे तसाच आहे."

तो माणूस गाडी ढकलत गेला. मी एवढा मोठा श्वास सोडला की आईनं माझ्याकडे पाहिलं.

लोक टोपलीवर तुटून पडले. जो तो शेंग फोडतोय, खातोय, दाद देतोय, पिशवी पुढं करतोय. पिवळ्या मटरवाल्या बाया आपणहून भाव उतरवू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. बाबा मात्र टेबलापुढं येऊन गेंदाबाईच्या टोपलीसमोरच उभे राहिले होते, एका हातात टेबलावरून उचललेला काटा धरून, दुसऱ्या हातानं शेंगा खात. अवाढव्य माणूस, खाकी कोट, बाजूनं वाट नाही. त्यांच्या एका होकारासाठी कारखान्यात माल थांबून राहायचा.

गेंदाबाईनं खालून त्यांच्याकडे पाहिलं.

"काँटा पकड़े रहो साब," ती म्हणाली, "पर तनक बाजू हो जाओ। ग्राहक नहीं दिख रहे।"

बाबा बाजूला झाले. काटा त्यांनी सोडला नाही.